यात्रेच्या पिशवीत एकच लेन्स



देवळाच्या ओट्यावर बसलं की हल्ली मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. मुली विचारतात, "काकू, यात्रेला न्यायला कोणती लेन्स घ्यावी? दोन-तीन घ्याव्यात की एकच मोठी?" आणि त्यांच्या आया, आज्या विचारतात, "पण हा परिग्रह नाही का?" मला हे दोन्ही प्रश्न एकाच गाठीचे वाटतात, म्हणून आज दोन्हींचं उत्तर एकत्रच लिहिते.

माझ्याकडे एक कॅमेरा आणि त्याला एकच लेन्स आहे, १८-३०० ची. ती कॅमेऱ्यावरून मी सहसा काढत नाही. अशा लेन्सला दुकानात 'ऑल-इन-वन' किंवा 'सुपरझूम' म्हणतात. जानेफळसारख्या गावात राहून आपण यात्रेला निघतो, तेव्हा एका हातात दशम्यांचा डबा, दुसऱ्या हातात पाण्याचा कॅन आणि गाळायचं वस्त्र, खांद्यावर पूजेच्या कपड्यांची पिशवी असते. त्यात लेन्सांचं बोचकं कुठे बसवायचं? यात्रेच्या स्वयंपाकाला आपण घरची सगळी भांडी नेत नाही. एक पातेलं नेतो. त्यातच वरण, त्यातच भात, आणि सकाळी त्यातच पाणी उकळायचं. ही लेन्स म्हणजे ते पातेलं आहे.

आधी आकड्यांचं सांगते, कारण तिथेच बहुतेक जणी घाबरतात. १८ आणि ३०० हे मिलिमीटर आहेत. आकडा लहान असला की समोरचं जास्त मावतं, मोठा असला की लांबचं जवळ येतं. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर मध्यम आकाराचा आहे. अशा कॅमेऱ्यात आपल्या डोळ्यांना जसं दिसतं तसा फोटो साधारण ३५ वर येतो. म्हणजे ३०० वर एखादी गोष्ट आठ-नऊपट जवळ आल्यासारखी दिसते. आत काचांचे गट असतात. बाहेरची कडी फिरवली की ते पुढेमागे सरकतात, म्हणून नळी लांब होते.

आपल्या जवळचं उदाहरण लोणारचं. उल्का आदळून झालेलं ते विवर काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. वरच्या काठावर उभं राहून समोरच्या काठावर कॅमेरा धरा. १८ वर पलीकडचा सव्वादोन किलोमीटरहून थोडा जास्त पट्टा चौकटीत येतो. म्हणजे पाणी, झाडी, वर आभाळ, सगळं. तिथेच उभं राहून कडी ३०० पर्यंत फिरवा, की त्याच काठाचा जेमतेम १४० मीटरचा तुकडा उरतो. खाली पाण्याजवळचं कमळजा देवीचं देऊळ, बाभळीवर बसलेला बगळा, हे वेगवेगळं दिसायला लागतं. जून २०२० मध्ये तळ्याचं पाणी गुलाबी झालं होतं ते तुम्हाला आठवत असेल. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणार रामसर यादीत गेलं. तो रंग दाखवायला १८ हवं आणि पाण्याच्या कडेचा पांढरा क्षार दाखवायला ३०० हवं. पाऊल न हलवता दोन्ही मिळतं, हाच या लेन्सचा उपयोग.

ही जात काही नवी नाही. १९९२ साली जपानच्या टॅमरॉन कंपनीने २८-२०० ची लेन्स आणली आणि एकाच लेन्सवर प्रवास करायची सवय पुष्कळांना लागली. २०१४ मध्ये निकॉनची १८-३०० ची हलकी लेन्स आली, वजन ५५० ग्रॅम. त्याच वर्षी सिग्माची १८-३०० आणि टॅमरॉनची १६-३०० पण आली. २०१७ मध्ये टॅमरॉनने १८-४०० आणली, ती सातशे ग्रॅमच्या थोडी वर जाते. दुकानदार अर्थातच तुम्हाला ४०० ची दाखवेल. माझं मत असं, की डोंगर चढायचा असेल तर दीडशे ग्रॅम हे तांब्याभर पाण्याइतकं नसलं तरी मानेला कळतं. पायऱ्या चढून शंभरावर गेलात की आकड्याची हौस आपोआप कमी होते.

आता या लेन्सचे अवगुण, कारण फक्त गुण सांगितले तर तो खोटेपणा होईल.

पहिला अवगुण अंधारात कळतो. लेन्सवर ३.५-६.३ असा दुसरा आकडा लिहिलेला असतो. लहान आकडा म्हणजे तोंड मोठं, उजेड जास्त. १८ वर ३.५ असतं आणि ३०० वर ६.३. हिशेब केला तर लांबच्या टोकाला जवळच्या टोकाच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी उजेड आत येतो. साधी ५० ची लेन्स १.८ ची मिळते. आपली लेन्स ५० वर असताना साधारण ५ असते. म्हणजे त्या छोट्या लेन्समध्ये जवळपास आठपट उजेड येतो. वेरूळला ३० ते ३४ क्रमांकाच्या आपल्या लेण्या आहेत. ३२ व्या लेण्यात, इंद्रसभेत, वरच्या मजल्यावर आत शिरलं की माझी लेन्स थकते. ट्रायपॉड लावावा तर त्याला परवानगी लागते. मग कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवायची, खांबाला टेकून श्वास धरायचा आणि थोडा दाणेदार फोटो आला तर तो आनंदाने घ्यायचा. फ्लॅश मारायचा नाही. दर्शनाला बसलेल्यांच्या डोळ्यांवर वीज पाडण्याचा आपल्याला अधिकार नाही.

दुसरा अवगुण असा, की १८ वर चौकटीच्या कडेच्या सरळ रेषा बाहेर वाकतात. मंदिरासमोरचा मानस्तंभ कडेला आला तर पोट सुटल्यासारखा दिसतो. उपाय सोपा आहे. मानस्तंभ मध्यभागी घ्या, किंवा दोन पावलं मागे जाऊन कडी २४-२८ वर आणा. तिसरा अवगुण, कोपरे थोडे मऊ येतात. मोठ्या फलकावर छापणाऱ्याला ते खुपेल. घरच्या भिंतीवरच्या फोटोत ते मला कधी दिसले नाहीत. चौथा, गळ्यात कॅमेरा खाली लोंबकळत असला की नळी आपल्या वजनाने हळूहळू बाहेर सरकते. लेन्सवर एक बारीक खटका असतो, चालताना तो लावून ठेवायचा.

आणि लांबच्या टोकाला हात थरथरतो तेही लक्षात ठेवा. माझ्या आकाराच्या सेन्सरवर ३०० ला शटरचा वेग निदान एक पाचशेअंश सेकंद तरी हवा. लेन्समध्ये हात स्थिर करणारी सोय असते, तिच्यामुळे बऱ्याच कमी वेगावरही जमतं. पण ती आपल्या हाताची थरथर सांभाळते, समोर धावणाऱ्या पोराची नाही.

इतके अवगुण असताना मी दुसरी लेन्स का घेत नाही? इथे आज्यांच्या प्रश्नाचं उत्तर येतं.

काही वर्षांपूर्वी दशलक्षण पर्वात, उत्तम आकिंचन्य धर्माच्या दिवशी, मी परिग्रह परिमाणाचा नियम घेतला. मोठं व्रत घ्यायची माझी ताकद नव्हती, म्हणून घरातल्या वस्तूंची यादी करून मर्यादा घातली. साड्या इतक्या, भांडी इतकी, दागिना इतका. कॅमेरा कुठे लिहायचा यावर आमच्या स्वाध्यायात बरीच चर्चा झाली. बाह्य परिग्रहाच्या दहा प्रकारांत तो बसणार कुठे? शेवटी एका ताईंनी हसत 'भांड' या सदरात लिहायला सांगितलं. माझ्या वहीत ते तसंच आहे: भांड, छायाचित्राचं यंत्र एक, त्याची काच एक.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात आचार्य उमास्वामींनी परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवर केलेली नाही. त्यांनी ती मूर्च्छेवर, म्हणजे वस्तूत अडकलेल्या ममत्वावर केली आहे. मग कोणी म्हणेल, ममत्व नसलं तर पाच लेन्सा ठेवल्या तरी चालतील. शब्दांत ते बरोबर वाटतं. पण माझ्यासारख्या संसारी बाईला मूर्च्छा मोजता येत नाही, वस्तू मोजता येतात. साखर कमी करायची असेल तर आपण आधी डबा उंच फळीवर ठेवतो. संख्येचा नियम हा तो उंच फळीवरचा डबा आहे.

घरात यावरून ओढाताण झाली नाही असं नाही. आमच्या यांना फोटोतलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यांचं म्हणणं, देवळाच्या आतल्या फोटोंसाठी ५० ची छोटी लेन्स घे. स्वस्त आहे, हलकी आहे, मुठीत मावते. एके वर्षी मला नव्हे, घराला भेट म्हणून ती घेतो असंही म्हणाले. "तुझ्या वहीत नको लिहू, माझ्या वहीत लिही." त्यांचा हेतू प्रेमाचाच होता. पण मला ठाऊक होतं की ती लेन्स ज्या दिवशी घरात येईल, त्या दिवसापासून मी गाभाऱ्यासमोर उभी राहून 'कोणती लावू' याचा विचार करेन. एकच असली की हा विचार येत नाही. जे तिच्यात मावतं ते घ्यायचं, मावत नाही ते डोळ्यांनी बघायचं. आठपट उजेड मी नियमासाठी सोडला, आणि ते सोडणं मला अजून जाणवतं हेही खरं. जाणवत नसतं तर तो त्याग कसला?

आता मुक्तागिरीचं सांगायला हवं, कारण ही लेन्स नक्की कशासाठी आहे ते मला तिथे कळलं.

मुक्तागिरी सिद्धक्षेत्र सातपुड्यात आहे. जिल्हा मध्य प्रदेशातला बैतूल, पण आपण वऱ्हाडातले लोक परतवाड्यावरूनच जातो. डोंगराच्या कड्यावर धबधब्याच्या आजूबाजूला ५२ मंदिरं आहेत. साडेतीन कोटी मुनी तिथून मोक्षाला गेले असं परंपरा सांगते. मेंढागिरी हे नाव आणि मरणाऱ्या मेंढ्याला मुनींनी णमोकार मंत्र ऐकवला ती कथा तुम्ही पाठशाळेत ऐकली असेलच.

चातुर्मास संपल्यावर, थंडीच्या सुरुवातीला आम्ही खामगाव, अकोला करत तिकडे गेलो. सासूबाई बरोबर होत्या. त्यांच्या गुडघ्यांनी पायऱ्या चढायला आता साफ नकार दिला आहे, आणि डोलीत त्या बसत नाहीत. शिखरजीलासुद्धा बसल्या नव्हत्या. दुसऱ्याच्या खांद्यावर बसून पुण्य मिळवायचं नाही, ही त्यांची जुनी अट. घरून निघतानाच म्हणाल्या होत्या, "मी खालीच बसतो. तुम्ही वर जाऊन या." पण त्यांना यायचंच होतं. लग्नानंतरच्या पहिल्या यात्रेत त्यांनी आणि मामंजींनी मुक्तागिरीच्या एका छोट्या मंदिरासमोर रात्रिभोजन त्यागाचा नियम घेतला होता. तो नियम दोघांनी शेवटपर्यंत पाळला. मामंजी गेल्यानंतर त्यांची ही पहिलीच मुक्तागिरी होती.

पहाटे बाकीचे वर गेले. मी त्यांच्याजवळ मागे थांबले, माझं दर्शन दुपारी करायचं ठरवलं. ऊन कड्यावर आलं तेव्हा पांढरी शिखरं एकामागे एक उजळायला लागली. त्या म्हणाल्या, "ते देऊळ कोनतं ते सांगता येते मले. धबधब्याच्या उजव्या अंगाले, खालून तिसरं. बाजूनं एक मोठा दगड हाये."

मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना इतक्या लांबून फक्त पांढरे ठिपके दिसत होते. मी कॅमेरा काढला आणि मागचा पडदा चालू केला. सरळ ३०० वर गेलं तर काहीच सापडत नाही, कारण पडद्यावर नुसता दगड आणि झाडी येते आणि आपण डोंगराच्या कोणत्या भागात आहोत ते कळत नाही. म्हणून आधी १८ वर सगळा कडा घेतला. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, "हे. नाही, थांब, याच्या वर." ते मंदिर चौकटीच्या बरोबर मध्ये आणलं आणि हळूहळू कडी फिरवली. पन्नास, शंभर, दोनशे. मध्येच निसटलं की पुन्हा मागे येऊन मध्यभागी धरायचं आणि परत पुढे जायचं. माझ्याकडे नुसती लांबची लेन्स असती तर हे शोधताना मी हरले असते, आणि नुसती जवळची असती तर सापडूनही काही दिसलं नसतं.

पहिलं सापडलं ते नव्हतं. दुसरंही नव्हतं. तिसऱ्याच्या बाजूला मोठा दगड होता.

त्या पडद्याकडे बघत राहिल्या. मी विचारलं, "आई, हेच का?" उत्तर आलं नाही. मग म्हणाल्या, "निशाण हालून राहिलं वं." शिखरावरचा ध्वज वाऱ्याने हलत होता. ३०० वर तो स्पष्ट दिसत होता. कॅमेरा मी एका ओट्यावर, घडी केलेल्या शालीवर टेकवला, म्हणजे चौकट हलणार नाही. त्यांनी हात जोडले आणि जपमाळ काढली. एक पूर्ण माळ त्यांनी त्या पडद्यावरच्या शिखराकडे बघत केली. मध्ये एकदा कॅमेरा आपोआप झोपी गेला, तेव्हा फक्त बोटाने खूण केली, आणि मी बटण दाबलं.

माझं बोट शटरवर होतं. मागून त्यांचे जोडलेले हात, पडद्यावर ते शिखर आणि वर खरा कडा, असा फोटो कोणालाही घ्यावासा वाटला असता. त्यासाठी कॅमेरा उचलावा लागला असता आणि त्यांच्या पुढ्यातलं देऊळ नाहीसं झालं असतं. मी तो घेतला नाही. त्या दिवशी दुपारी वर जाऊन मी पुष्कळ फोटो काढले. त्या छोट्या मंदिराचाही काढला, जवळून, चांगल्या उजेडात. रात्री धर्मशाळेत तो त्यांना दाखवला. बघितला, "चांगला आला" म्हणाल्या, आणि कॅमेरा परत दिला. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "सकाळचं जिवंत होतं."

आमच्या घरात जुनी माणसं म्हणतात, वाटेवरून शिखर दिसलं तरी हात जोडावेत, ती वंदनाच आहे. वर न जाता घडलेली ती भाववंदना असते. लेन्सने त्या दिवशी फक्त शिखर थोडं पुढे आणलं. भाव त्यांचे त्यांनी आणले होते. कॅमेऱ्याला त्याहून मोठं श्रेय देऊ नये. पण कमीही देऊ नये, कारण काचेचे ते गट तेवढे सरकले नसते तर पांढरा ठिपका ठिपकाच राहिला असता.

परतीच्या वाटेवर माझ्या मनात स्वाध्यायातले नय घोळत होते. संग्रहनय सगळ्यांना एकत्र घेऊन बघतो, व्यवहारनय त्याचे भेद करून बघतो. १८ वर 'मुक्तागिरी' दिसते, ३०० वर 'खालून तिसरं देऊळ' दिसतं. दोन्ही खरं आहे, आपापल्या अपेक्षेने. फक्त १८ ला चिकटून बसलेला म्हणेल, क्षेत्र म्हणजे डोंगर. फक्त ३०० ला चिकटलेला म्हणेल, क्षेत्र म्हणजे ध्वज. पाठशाळेतल्या मुलांना नय समजवायला मी आता हाच कॅमेरा नेते. मुलांना कडी फिरवायला दिली की समजतं. व्याख्या नंतर पाठ होते.

तुमच्यापैकी कोणी श्रवणबेळगोळला जाणार असाल तर हे करून बघा. दहाव्या शतकात चामुंडरायांनी घडवलेली, एकाच दगडातली सुमारे ५७ फूट उंचीची बाहुबलींची मूर्ती. समोरच्या अंगणात उभं राहिलं की १८ वर सुद्धा मान वर करावी लागते. मग तिथूनच हळूहळू पायांवर, मांड्यांवर चढलेल्या माधवीच्या वेलीची पानं बघा, पायाजवळची वारुळं बघा, आणि शेवटी ओठांपर्यंत या. अंगावर वेल चढेपर्यंत न हलणं म्हणजे काय, ते पानापानाने वर जाताना समजतं.

आता अहिंसेच्या दृष्टीने चार गोष्टी, कारण दुकानदार या सांगत नाही.

पहिली, जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्याची हौस हल्ली मुलांमध्ये परत आली आहे. फिल्मवर प्रकाश टिपणारे चांदीचे क्षार जिलेटिनच्या थरात असतात, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून होतं. लॅबमध्ये फोटो धुवायच्या कागदावरही तोच थर असतो. डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर तो नसतो. म्हणून मी फोटो घरी साध्या जाड कागदावर छापते, थोडे फिके येतात तरी.

दुसरी, पट्टा आणि पिशवी. पट्टा नायलॉनचा असला तरी टोकाला शिवलेला तुकडा कधी कधी कातड्याचा असतो. देवळात कातडी वस्तू नेत नाही तर तो तुकडा कसा न्यायचा? विचारून, बघून, सुती किंवा नायलॉनचा पट्टा घ्या.

तिसरी, काच पुसणं. शामॉय नावाचं मऊ फडकं कातड्याचंच असतं, आणि काही ब्रशांना जनावरांचे केस असतात. मायक्रोफायबरचं कापड आणि रबरी फुग्याचा ब्लोअर पुरेसा आहे. आधी फुग्याने धूळ उडवायची, मगच कापड लावायचं. धुळीचा कण काचेवर घासला तर ओरखडा पडतो, आणि एखादं बारीक चिलट बसलेलं असेल तर तेही वाचतं.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची, बुरशी. आपल्याकडे पावसाळ्यात पापडाला, लोणच्याला येते तशीच लेन्सच्या आतल्या काचेवरही येते. हवेत ओल फार दिवस ६० टक्क्यांच्या वर राहिली की तिचा धोका वाढतो. एकदा आली की दुरुस्तीवाला ती मारून साफ करणार, म्हणजे अनंत जीवांचा घात. बुरशी झाल्यावर मारण्यापेक्षा होऊच न देणं हा आपल्या स्वयंपाकघराचा जुना धर्म आहे, तोच इथे लावायचा. चातुर्मासात आपण प्रवास कमी करतो, नेमका तेव्हाच कॅमेरा महिनोन् महिने कपाटात पडून राहतो. म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर तो ठेवा, आणि ओल मोजायचं छोटं घड्याळ आत टाका. काटा ४० ते ५० च्या मध्ये राहिला की झालं. रंग बदलणारी जेल ओली झाली की मंद आचेवर कोरडी करता येते, पण त्यासाठी स्वयंपाकाची कढई वापरू नका, ते रसायन पोटात जाण्याचं नाही. डबा तांदळात पुरायचा सल्लाही ऐकू नका. तांदळाची पिठी लेन्सच्या नळीत शिरते. आणि जुनी लेन्स विकत घेणार असाल तर आधी मोबाइलच्या उजेडात आरपार बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर नमस्कार करून परत द्या.

शेवटी माझे यात्रेतले नियम. आधी दर्शन, मग कॅमेरा. दर्शन होईपर्यंत तो पिशवीतच राहतो. गाभाऱ्यात फोटो काढायचा असेल तर विचारल्याशिवाय नाही, आणि 'नाही' म्हटलं तर का म्हणून विचारायचं नाही. मुनी महाराज किंवा आर्यिका माताजींचा आहार चालू असताना लांबूनही नाही. ३०० ची लेन्स हातात असली की हा मोह फार होतो, कारण त्यांना कळणारही नाही इतक्या लांबून फोटो मिळतो. कळणार नाही म्हणूनच काढायचा नाही. अनोळखी बायकांचे चेहरेही तसेच. लांबचं जवळ आणता येतं याचा अर्थ ते आपलं झालं असा होत नाही.

यंदाच्या आकिंचन्य धर्माच्या दिवशी वही पुन्हा उघडली, तेव्हा सासूबाई शेजारी होत्या. 'काच एक' वाचून म्हणाल्या, "राहू दे, ते तशीच लिही." आता कोणत्याही क्षेत्राचं नाव निघालं की आधी त्यांचा प्रश्न ठरलेला असतो. दिवाळीनंतर कुंथलगिरीला जायचं चाललं आहे. काल ताक घुसळताना थांबून त्यांनी विचारलं, "तिथलं शिखर खालून दिसते का वं?"

दिसेल. आणि नाहीच दिसलं तर कडी फिरवून बघू.

जय जिनेंद्र.